शेरडं, मेंढरं आणि निमाणी झडती

फोंडेकरीण:

नमस्कार मंडळी. थोडं लांबेल, पण मनात आहे ते सगळं लिहून टाकते.

आमच्या शेजारची शामाय ऑक्टोबरात गेली. इथल्या कॅथलिक घरांत आजीला शामाय म्हणतात, पण ती आमच्या अख्ख्या वाड्याची शामाय होती. मी मूळची फोंड्याकडची. लग्न होऊन मडगावात आले तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. पहिल्या बाळंतपणात सासूबाईंनी अंथरूण धरलं, तेव्हा महिनाभर माझं न्हाणीचं पाणी या बाईनं तापवलं. तिच्या म्हयन्याच्या मिसाला, म्हणजे महिन्यानंतरच्या चर्चमधल्या प्रार्थनेला, घरचीच माणसं म्हणून आम्हाला पुढच्या बाकावर बसवलं होतं.

त्या दिवशी वाचन होतं बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानातलं, 25व्या अध्यायाच्या शेवटचं. मनुष्याचा पुत्र, म्हणजे येशू, राजा म्हणून येतो, सगळी राष्ट्रं त्याच्यापुढे जमतात, आणि मेंढपाळ शेरडं आणि मेंढरं वेगळी करतो तसा तो माणसं वेगळी करतो. मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे. उजवीकडच्यांना तो म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही खायला दिलंत. तान्हेला होतो, प्यायला दिलंत. परका होतो, घरात घेतलंत. उघडा होतो, वस्त्र दिलंत. आजारी होतो, समाचाराला आलात. तुरुंगात होतो, भेटायला आलात. डावीकडच्यांना हेच सगळं उलटं.

मी हे पूर्वीही ऐकलं होतं, पण कानावरून गेलं होतं. या वेळी एक गोष्ट आतपर्यंत गेली. डावीकडच्यांनी काहीच केलेलं नाही हो! खून नाही, चोरी नाही, कुणाला शिवी नाही. नुसतं काही केलं नाही.

आमच्या मागे दोन वर्षं बिल्डिंगचं काम चाललं होतं. विजापूरकडची कामगार माणसं पत्र्याच्या खोपटात राहत. शामाय रोज संध्याकाळी टोपभर पेज आणि मिस्कूटची, म्हणजे लोणच्याची, बरणी कंपाउंडच्या भिंतीवर ठेवायची. एका रात्री त्यांच्यातली एक बाई पोराला छातीशी धरून आमचं दार वाजवत होती. पोराला ताप होता, तिला रिक्षा हवी होती. मी खिडकीतून पाहिलं, ‘सकाळी बघूया’ म्हटलं आणि पडदा ओढला. तेवढ्यात शेजारी शामायच्या घरात दिवा लागला. पोर वाचलं. मी त्या बाईला ओरडले नाही, हाकललं नाही. काहीच केलं नाही.

मला विचारायचंय की ख्रिस्ती लोक हा न्याय नेमका कसा समजतात? तो मेल्याबरोबर होतो की जगाच्या शेवटी? आणि माझ्यासारख्या, देवळात जाणाऱ्या बाईचं त्यात काय? कुणाला चिडवायला विचारत नाहीये, खरंच जाणून घ्यायचंय.

बाणावली:

ताई, शामायला देव शांती देवो. मी सावंतवाडीकडचा कॅथलिक, मराठी शाळेत शिकलो, वीस वर्षं बाणावलीत आहे. मला कळतं तेवढं सांगतो.

आमच्या शिकवणीत न्याय दोनदा येतो. माणूस मरतो त्याच क्षणी त्याचा स्वतःचा न्याय होतो, त्याला खाजगी न्याय म्हणतात. त्यानंतर स्वर्ग, नाहीतर शुद्धीसाठी पुर्गातोर, नाहीतर नरक. पोप बेनेडिक्ट बारावे यांनी 1336 मध्ये हे ठामपणे लिहून दिलं, कारण मेलेले लोक शेवटच्या दिवसापर्यंत वाट बघत राहतात का, यावरून तेव्हा वाद पेटला होता. आणि जगाच्या शेवटी सगळ्यांचा मिळून न्याय, सगळे मेलेले उठल्यावर. या दुसऱ्या न्यायात पहिला निकाल फिरत नाही. मग तो कशासाठी? माझ्या समजुतीप्रमाणे, आपण केलेल्या आणि न केलेल्या गोष्टींचं पुढे काय काय झालं हे तेव्हाच उघड होईल म्हणून. शामायच्या पेजेवर वाढलेलं पोर उद्या कुणाच्या उपयोगी पडेल, ते आज कुणाला ठाऊक? आजोबाच्या लबाडीची फळं नातू भोगतो, ते तरी कुठं मेल्या दिवशी संपतं?

शुद्धी व्हावी म्हणूनच मेलेल्यांसाठी मीस. तुम्ही त्या बाकावर बसलात, तेही शामायसाठीच होतं.

दुसरं एक. कोंकणीत या न्यायाला ‘झडती’ म्हणतात, निमाणी झडती. मराठीत झडती म्हटली की पोलीस आठवतात. पण जुन्या मराठी हिशेबात झडती म्हणजे शेवटचा ताळा, जमाखर्चाचा झाडा. मला तो शब्द ‘न्याय’पेक्षा जवळचा वाटतो. न्यायाला दोन पक्ष लागतात, वकील लागतो. झाडा आपला आपल्यालाच द्यायचा असतो.

जतकर_वास्को:

मला धर्मातलं कळत नाही, पण शेरडा-मेंढरांतलं कळतं. माझे चुलते अजून जत तालुक्यात मेंढरं राखतात. मेंढरांच्या कळपात दहा-पाच शेरडं असतातच, घरच्या दुधाला. दिवसभर एकत्र चरतात. लांबून बघणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात, त्यात आमची काही मेंढरं काळी. राखणाऱ्याला मात्र लगेच कळतं. शेरडाची शेपटी वर, मेंढराची खाली. शेरडू झाडावर पाय देऊन पाला ओरबाडतं, मेंढरू मान खाली घालून गवत खातं. रात्री वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावली की मेंढरं आत, शेरडं बाहेर खोपटाजवळ बांधलेली, कारण त्यांना थंडी सोसत नाही.

म्हणून माझी शंका अशी की शेरडाचा गुन्हा काय? ते शेरडूच जन्माला आलं. शेरडाचं मेंढरू कसं होणार? मग माणसाला आधीच छाप मारून ठेवलाय का?

फोंडेकरीण:

जतकर, तुमची शंका माझ्या डोक्यातही आली नव्हती. खरंच, याचं उत्तर कुणीतरी द्या.

नगरची_लेक:

मी देते. आम्ही प्रोटेस्टंट, माहेर नगर जिल्ह्यात, आता म्हापशात असते.

जतकर दादा, शेरडू हे वाईट जनावर आहे असं बायबल कुठेच म्हणत नाही. यहुद्यांच्या वल्हांडण सणाचा पशू मेंढरांतून किंवा शेरडांतून, कुठूनही घेतला तरी चालेल असं निर्गमच्या 12व्या अध्यायात स्पष्ट आहे. प्रायश्चित्ताच्या दिवशी तर दोन बकरेच लागत. म्हणजे येशू इथे जनावराची जात सांगत नाही. तो फक्त संध्याकाळचा तो एक क्षण दाखवतो, राखणारा कळपातून हात फिरवतो आणि एक इकडे, एक तिकडे करतो तो. तुमच्या चुलत्यांना जसं बघताक्षणी कळतं, तसं. तुलना तिथेच संपते. पुढे राजा बोलायला लागतो तेव्हा शेरडं-मेंढरं राहतच नाहीत, सगळी माणसंच असतात. आणि माणूस काय जन्मला ते तो विचारत नाही, काय केलं ते विचारतो.

आता आमच्या लोकांत एक वाद आहे तो सांगते. आमची शिकवण अशी की तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे; कर्मांनी नव्हे. पौलाने इफिसकरांना तसंच लिहिलंय. मग इथे कर्मांवर निकाल कसा? माझे वडील पाळक होते. ते म्हणायचे, झाड मुळावर जगतं, पण ओळखतात ते फळावरून. याकोबाच्या पत्रातही तेच आहे, क्रियांवाचून विश्वास मेलेला. प्रकटीकरणाच्या 20व्या अध्यायात मोठ्या पांढऱ्या राजासनापुढे पुस्तकं उघडतात. एकीकडे माणसांची कृत्यं लिहिलेली पुस्तकं, आणि एकीकडे जीवनाचं पुस्तक. दोन्ही उघडली जातात. मी लहानपणी विचारायचे, एक पुरेसं नव्हतं का? अजूनही मला दोन्ही लागतात. नुसतं कृत्यांचं पुस्तक असतं तर मी घाबरून मेले असते. नुसतं दुसरं असतं तर बहुतेक आळशी झाले असते.

आणखी एक प्रामाणिकपणे सांगते. ‘माझ्या या अगदी लहान भावांपैकी एकाला जे केलंत ते मला केलंत’ असं राजा म्हणतो. हे लहान भाऊ कोण? काही अभ्यासकांच्या मते ते येशूचे शिष्यच, कारण त्याच शुभवर्तमानात 10व्या अध्यायात शिष्याला गार पाण्याचा पेला देणाऱ्याची गोष्ट आहे. दुसरे म्हणतात, जगातला कुठलाही गरजू. मी दुसऱ्या बाजूची. पण पहिल्या बाजूचे लोक मूर्ख आहेत असं मला वाटत नाही.

केरीकर:

सत्तरी तालुक्यातून लिहितोय. ताईंचा प्रश्न चांगला आहे, पण मी थोडं टोचणारं लिहितो, राग मानू नका.

याच मत्तयमध्ये 13व्या अध्यायात गहू आणि निदणाचा दाखला आहे. शत्रू रात्री येऊन गव्हात निदण पेरून जातो. चाकर म्हणतात, उपटून टाकतो. धनी म्हणतो, नको, निदण काढताना गहू उपटाल. कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. मी शेतकरी आहे, हा दाखला मला पटतो. भातात रानटी भात उगवतं, ते पोटरीत येईपर्यंत ओळखू येत नाही. उपटायला गेलो की मुळं गुंतलेली असतात आणि चांगला चूड हातात येतो. मी स्वतः हा मूर्खपणा केलेला आहे आणि वडिलांचं बोलणं खाल्लेलं आहे.

पण मग याच गोव्यात 1560 पासून 1812 पर्यंत इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना हुडकून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, चाललं. मधे काही वर्षं थांबलं तेवढंच. धनी ‘नको’ म्हणाला होता ना? मग अडीचशे वर्षं चाकर शेतात काय करत होते?

आणि त्या डावीकडच्यांना राजा कायमच्या आगीत धाडतो, हे मला मुळीच पटत नाही. साठ-सत्तर वर्षांच्या आयुष्याला अंत नसलेली शिक्षा? आमच्याकडे निदान पुन्हा जन्म आहे.

बाणावली:

केरीकर, पहिल्या मुद्द्यावर मी बचाव करणार नाही. तुम्ही म्हणता ते खरं आहे. चाकरांनी धन्याचं ऐकलं नाही. येशू पुढे स्वतःच अर्थ सांगतो की शेत म्हणजे जग आणि कापणारे म्हणजे देवदूत. माणसाच्या हातात विळा दिलेलाच नव्हता. ज्यांनी तो घेतला त्यांचीही झडती आहे, आणि ती जास्त कडक असेल असं मला वाटतं, कारण त्यांनी हे वाचलेलं होतं.

त्याच अध्यायात पुढे जाळ्याचा दाखला आहे. तो मी दर मोसमात डोळ्यांनी बघतो, म्हणून जरा लांबून सांगतो. बाणावलीच्या किनाऱ्यावर अजून रापण ओढतात. होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून येते, मग दोन्ही टोकांना माणसं दोर कमरेला लावून मागे मागे चालतात, पोरं, म्हातारे, कधी कधी बघायला आलेले पर्यटकसुद्धा. जाळं पाण्यात असतं तोवर आत काय आहे ते कुणी बघत नाही. बांगडे, तारले, खेकडे, लेपो, केंड, चिकट सारं, प्लास्टिकच्या पिशव्या, सगळं एकत्रच येतं. जाळं वाळूवर आलं की माणसं बसतात आणि मग वेचणी. चांगलं टोपल्यात. केंड हातात आला की फुगतो, तो भिरकावून देतात. दाखल्यातही नेमकं असंच आहे, ‘बसून’ चांगलं ते भांड्यात भरलं. हा ‘बसून’ शब्द मला फार आवडतो. घाई नाही. आणि मधल्या समुद्रात वेचणी नाही.

आता आगीबद्दल. मी पंडित नाही. पण वाचन नीट ऐका. उजवीकडच्यांना राजा म्हणतो, जगाच्या स्थापनेपासून तुमच्यासाठी सिद्ध केलेलं राज्य घ्या. डावीकडच्यांना म्हणतो, सैतान आणि त्याच्या दूतांसाठी सिद्ध केलेल्या आगीत जा. राज्य माणसासाठी केलेलं आहे. आग माणसासाठी केलेलीच नव्हती. माणूस तिथे गेला तर परक्याच्या जागेत जातो.

आणि आमची चर्च संतांची नावं जाहीर करते, पण अमुक माणूस नरकात आहे असं तिने आजवर कुणाचंही नाव घेऊन जाहीर केलेलं नाही. अगदी येशूला पकडून देणाऱ्या यहूदाचंही नाही. नरक आहे ही शिकवण ती सोडत नाही. पण आत कोण आहे, ते ती सांगत नाही.

नगरची_लेक:

कायमच्या शिक्षेवर ख्रिस्ती लोकांत आधीपासून वाद आहेत, केरीकर दादा, तुम्ही एकटे नाही. तिसऱ्या शतकात ओरिजेन नावाचे मोठे विद्वान होते. शेवटी सगळंच देवाकडे परत येईल, अशी आशा त्यांनी मांडली. पुढे चर्चने ती नाकारली. नंतरचे मोठे धर्मगुरू ऑगस्टीन यांचं म्हणणं होतं की मत्तयच्या याच भागाच्या 46व्या वचनात ‘सार्वकालिक’ हा एकच ग्रीक शब्द शिक्षेलाही लावलाय आणि जीवनालाही; एकीकडे तो कमी केला तर दुसरीकडेही कमी होतो. आज आमच्यातले काही जण म्हणतात की शिक्षा म्हणजे कायमचा नाश, कायमचा छळ नव्हे. मी यात अजून चाचपडते आहे. वडिलांच्या शवपेटीजवळ उभी असताना या वादाचा एकही शब्द मला आठवला नव्हता.

पण एक सांगू? न्याय म्हटलं की आपण सगळे घाबरतो, कारण आपण स्वतःला आरोपी धरतो. स्तोत्रसंहितेत 96वं स्तोत्र काढून बघा. देव पृथ्वीचा न्याय करायला येतोय म्हणून तिथे रानातली झाडं आनंदाने गातात! माझ्या आजीची दोन एकर जमीन खोट्या अंगठ्यावर गेली. कोर्टात हेलपाटे घालून घालून आजी वारली. तिच्यासाठी न्यायाचा दिवस ही भीती नव्हती. ती रोज संध्याकाळी त्याचीच प्रार्थना करायची. ज्याला इथे न्याय मिळाला नाही, त्याच्याकडून हा दिवस काढून घेतला तर त्याच्याकडे उरतं काय?

केरीकर:

हे असं कधी ऐकलं नव्हतं. आजीचं वाचून थांबलो. आगीबद्दलचा मुद्दा मी सोडत नाही, पण झाडांचं लक्षात ठेवेन.

बाणावली:

ताईंचा शेवटचा प्रश्न राहिला, ख्रिस्ती नसलेल्यांचा.

वाचनात ‘सर्व राष्ट्रे’ असं आहे. मूळ ग्रीक शब्द यहुदी नसलेल्या लोकांनाही लावतात. आमच्या कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये चर्चविषयीच्या दस्तऐवजात लिहिलं की ज्यांना स्वतःचा दोष नसताना शुभवर्तमान कळलं नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाला जागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. तारण ख्रिस्ताकडूनच येतं असंच आम्ही मानतो, ते लपवून तुम्हाला गोड उत्तर देणार नाही. पण त्या दृश्यात उजवीकडचे लोक काय म्हणतात बघा: प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? त्यांना पत्ताच नव्हता. पेज देताना कुणाला देतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं. आणि डावीकडचेही तेच विचारतात. प्रश्न दोघांचा एकच आहे.

आमच्या बाणावलीचे संत जुझे वाझ, जन्म 1651. डच लोकांनी पाद्रींना बंदी घातलेली असताना ते वेष बदलून सिलोनात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, गेले. कँडीत हेर समजून तुरुंगात पडले. 1697 मध्ये तिथे देवीची साथ आली. घरच्यांनीच टाकून दिलेल्या रोग्यांना ते उचलून आणत, धूत, भरवत, मेले तर पुरत. ख्रिस्ती आहे का, हे विचारत नव्हते. 2015 च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत म्हणून जाहीर केलं, तेव्हा आमच्या गावात रात्रभर घंटा, फटाके चालले होते. मी तेव्हा मत्तयचा हाच भाग काढून वाचला. आजारी, तुरुंगात, परका. सगळं त्या एका माणसाच्या आयुष्यात होतं, देणाऱ्याच्याही बाजूने आणि घेणाऱ्याच्याही.

जतकर_वास्को:

‘परका’ शब्दावर एक. आम्हाला इथे भायले म्हणतात, कधी घाटी म्हणतात. वास्कोत खोली शोधताना तीन महिने दारं बंद होत होती. शेवटी जिने खोली दिली तिच्या दारावर खुरीस, म्हणजे क्रूस, होता. एवढंच.

नगरची_लेक:

मराठी बायबलात ‘आजारी असता समाचाराला आलात’ असं आहे. आपल्या भाषेत समाचार घेणं म्हणजे विचारपूस करणं, आणि चांगला समाचार घेणं म्हणजे झाडणं. एकच शब्द. त्या दिवशी कुठला समाचार होणार, ते आज आपण कुणाचा समाचार घेतला त्यावर आहे, असं वडील उपदेशात सांगायचे. जुनी मंडळी डोळे पुसायची.

फोंडेकरीण:

तुम्हा सगळ्यांचे आभार. चार दिवस रोज रात्री धागा उघडून वाचत होते.

बाणावली, तुम्ही मला गोड उत्तर दिलं नाहीत, ते बरं केलंत. माझं देऊळ माझं आहे, मी तिथेच जाणार. पण तो ‘कधी पाहिलं’ मला सुटत नाही. मी तर पाहिलं होतं. खिडकीतून, नीट पाहिलं होतं. पोराच्या कानावर लाल फडकं बांधलेलं होतं, इतकं स्पष्ट.

मागची बिल्डिंग पुरी झाली, ती माणसं गेली. वॉचमनला विचारलं, त्याला कंत्राटदाराचं नावसुद्धा नीट आठवत नव्हतं. ती बाई आता कुठे आहे ते कळायचा मार्ग नाही.

रस्त्यापलीकडे नवं काम सुरू झालंय, पाच-सहा कुटुंबं आलीत. काल संध्याकाळी शामायच्या सुनेला बरोबर घेऊन गेले. पेज नेली होती, पण त्यांचं जेवण झालेलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं की प्यायचं पाणी कुठे मिळेल, टँकरचं खारट लागतं म्हणाले. आमच्या विहिरीवर पंप आहे. आज सकाळी मुलाने पाइप आणून कंपाउंडवरून सोडला. रस्ता ओलांडून घागरी न्याव्या लागतात, म्हणून सहाला चालू करते, त्या वेळी गाड्या कमी असतात.